पुरावा सुरू झाल्यावर वादीने दावा बदलला आणि मला फक्त १,००० रुपये कॉस्ट मिळाली. जास्त मागता येईल का?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: दावा मनाई हुकमाचा, तुम्ही प्रतिवादी. वादीचा उलटतपास अर्ध्यावर असताना त्याने दुरुस्ती अर्ज देऊन वादपत्रात ताब्याची मागणी घातली आणि कोर्टाने १,००० रुपये कॉस्टवर (समोरच्याला द्यायच्या खर्चावर) अर्ज मंजूर केला. कलम ३५-ब चा उपयोग होईल का, हेही तुम्ही विचारलंय.

सगळ्यात आधी सांगा, ती रक्कम घेतलीत का? घेतली नसेल तर थांबा. मी दिवाणी बाजूलाच वकिली करतो, हा घोळ नेहमी बघतो. अर्ज मंजूर होताच समोरचे वकील पाचशेच्या दोन नोटा पुढे करतात, आपला ज्युनियर "कॉस्ट मिळाली" म्हणून सही ठोकतो आणि महिन्याभराने अशिलाला हायकोर्ट आठवतं. तिथे पहिला हल्ला हाच होतो: कॉस्ट घेतलीत म्हणजे आदेश मान्य केलात. आदेशात "कॉस्ट देण्याच्या अटीवर" असे शब्द असतील तर उत्तर देणं आणखी जड जातं. म्हणून आदेशालाच आव्हान द्यायचं की रकमेपुरतं भांडायचं, ते आधी ठरवा.

आव्हानाला जागा आहे. २००२ पासून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६ नियम १७ ला परंतुक (अट घालणारा भाग) आहे: सुनावणी सुरू झाल्यावर दुरुस्ती द्यायची तर, योग्य ती काळजी घेऊनही हा मुद्दा आधी मांडता आला नसता, असं कोर्टाचं मत व्हावं लागतं. तुमच्याकडे तर उलटतपास चालू होता. आदेशात या काळजीबद्दल एक ओळही नसेल, नुसतं "न्यायाच्या दृष्टीने आवश्यक" असेल, तर अनुच्छेद २२७ खाली रिट करण्यासारखं आहे. पण फार आशा लावत नाही. दुसऱ्या बाजूचं नुकसान खर्चाने भरून निघत असेल तर दुरुस्ती द्यावी, हा विचार जुना आहे. मुंबई उच्च न्यायालयाचा किसनदास विरुद्ध राचप्पा हा १९०९ चा निकाल आजही वाचून दाखवतात. सर्वोच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये एलआयसीच्या प्रकरणात सांगितलं की निव्वळ उशीर हे नकाराचं कारण होत नाही.

आता रक्कम. खरं सांगायचं तर यात बराचसा दोष आम्हा वकिलांचा. अर्जाला उत्तर म्हणून आम्ही देतो त्या 'से'मध्ये (लेखी म्हणण्यात) "अर्ज खर्चासह नामंजूर करावा" ही ठरलेली ओळ असते. खर्च किती, कशाचा, याचा पत्ता नसतो. मग न्यायाधीश अंदाजाने आकडा घालतात. एका दाव्यात मी 'से'सोबत एक पानभर तक्ता दिला: साक्षीदाराच्या दोन फेऱ्या, मुक्काम, नकला, टायपिंग, जादा कैफियतीची (बदललेल्या दाव्याला दिलेल्या लेखी उत्तराची) फी. न्यायाधीशांनी पेन घेऊन जादा कैफियतीच्या खर्चाच्या दोन ओळी खोडल्या, बाकी रक्कम दिली. खोडलेल्या दोन्ही ओळी बरोबरच खोडल्या होत्या, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. ताब्याची मागणी पहिल्या दिवसापासून असती तरी कैफियत लिहावीच लागली असती, तिचा सगळा खर्च वादीवर कसा टाकणार? मागायचा तो उशिरामुळे वाया गेलेला खर्च: पुन्हा करावा लागणारा उलटतपास, परत बोलवावा लागणारा साक्षीदार, दुरुस्ती अर्जाला विरोध करण्यात गेलेल्या तारखा. सालेम बार असोसिएशनच्या २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रवास, मुक्काम आणि पक्षकाराचा वेळसुद्धा वाजवी प्रत्यक्ष खर्चात धरला आहे. तो निकाल तक्त्याला जोडा.

तुम्ही विचारलेलं याच संहितेचं कलम ३५-ब मुख्यतः तारखा लांबवणाऱ्यासाठी आहे, इथे त्यावर जोर देऊ नका. ३५-अ खोट्या दाव्यासाठी, आणि त्याची मर्यादा ३,००० रुपये.

दोन कामं मात्र लगेच करा. आदेशात मुदत दिलेली नसेल तर वादीने १४ दिवसांत वादपत्रात दुरुस्ती करायला हवी. केली का, ते रेकॉर्डवर बघा, कारण मुदत वाढवून न घेता ती गेली तर संहितेच्या आदेश ६ चा नियम १८ तुमच्या बाजूने आहे. आणि जादा कैफियतीत ताब्याच्या मागणीला मुदतीची हरकत (कायद्याने दिलेल्या मुदतीनंतर मागणी आली, अशी) घ्या.

फक्त रकमेचंच भांडण ठेवणार असाल तरी १,००० रुपये घेताना पुरसीसवर (कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनावर) "हक्क अबाधित ठेवून" हे शब्द लिहूनच सही करा.