संकल्पात गाव कोणतं सांगायचं?

प्रश्न : ताई, न्यू जर्सीत एडिसनला येऊन बारा वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी श्रावणात बाबा ठाण्यात गेले. पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपलेली. भारतात आलो तर परतीसाठी वकिलातीची तारीख मिळेल का, या धास्तीत चार दिवस गेले. चरईतल्या घरी पोचलो तेव्हा धाकट्याने सगळं उरकलं होतं. आता तो कामापुरतंच बोलतो. फॅमिली ग्रुपवर एकदा त्याने लिहिलं, ‘दादाने पैसे पाठवले, रात्री मी काढल्या.’ मी रोज पूजा करतो, पण डोळे मिटले की डोक्यात हाच हिशेब. एका ऑनलाइन ज्योतिषाने पितृदोष सांगितला. त्र्यंबकेश्वरला नारायण नागबली करा म्हणाला. करू का?

उत्तर : आधी एक कबुली देते. या भांडणात मी तुमच्या भावाच्या जागेवर बसलेली बाई आहे. माझा मोठा भाऊ मेलबर्नला असतो. आईची शेवटची अडीच वर्षं नौपाड्यात माझ्याकडे गेली. हा पंधरा दिवसांसाठी यायचा आणि आल्या दिवशी आईच्या गोळ्यांचा डबा नव्याने लावायचा. सकाळ, दुपार, रात्र, वर चिठ्ठ्या. डबा चांगला लागायचा, खोटं कशाला बोलू? तरी तो विमानात बसला की मी चिठ्ठ्या काढून टाकायची. संध्याकाळी जांभळी नाक्यावर भाजी घेतली की कौपिनेश्वराला जायचं, हा माझा नेम. एवढी मोठी पिंड, आणि तिच्यापुढे उभी राहून मी सांगायची काय, तर डब्याचं.

म्हणून सांगते, तुमच्या भावाचं ते वाक्य खरं आहे. त्याला उत्तर नसतं. आणि पैशावाचून औषधपाणी झालं नसतं, हेही त्याला ठाऊक आहे. फक्त ते आत्ता त्याच्या तोंडून यायचं नाही. तुम्ही वाटही पाहू नका.

नागबलीचं म्हणाल, तर तो पितरांच्या शांतीसाठीचा तीन दिवसांचा विधी आहे. ज्याची श्रद्धा आहे त्याने जरूर करावा. पण भीतीपोटी करू नये, आणि भावाच्या जागरणांची परतफेड म्हणून तर नाहीच. ज्याने तुमचं घर पाहिलं नाही, बाबांना पाहिलं नाही, त्याने फोनवर दोष काढला. त्याला दक्षिणा पाठवू नका. तिखट वाटलं तर वाटू दे.

त्यापेक्षा तुमच्या रोजच्या पूजेकडे वळू. पूजेत आपण आल्याआल्या मागायला लागत नाही. आधी हातावर पाणी घेऊन आपण कुठे आहोत ते सांगतो, तोच संकल्प. इकडचे गुरुजी म्हणतात, ‘दंडकारण्ये देशे, गोदावर्याः दक्षिणे तीरे’. मग संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, आणि पुढे आपलं गोत्र नि नाव. अमेरिकेतले बरेच गुरुजी तिथे पुराणांतल्या एका द्वीपाचं नाव घेऊन ‘क्रौंचद्वीपे’ म्हणतात. तुम्ही काय म्हणता? माझा अंदाज, लहानपणी कानावर पडलेलं दंडकारण्यच. म्हणजे ओठांवर गोदावरी आणि घराबाहेर ओक ट्री रोड! तिकडच्या गुरुजींना विचारून तेवढे शब्द बदलून घ्या. मी इथे राहतो, मला वेळेवर पोचता आलं नाही, हे देवाला सांगायला याहून सोपी जागा मला तरी ठाऊक नाही. तिथे कारणं द्यावी लागत नाहीत, नुसता पत्ता सांगायचा असतो.

तिथीचंही तेच. चंद्र-सूर्यातलं अंतर 12 अंशांनी वाढलं की तिथी बदलते, आणि ती जगभर एकाच क्षणी बदलते. पण उन्हाळ्यात तुमचं घड्याळ आमच्या साडेनऊ तास मागे. त्यात श्राद्धाला अपराह्णकाळची, म्हणजे दुपार कलल्यावरची, तिथी धरतात, आणि अपराह्ण ज्याच्या त्याच्या गावचा. त्यामुळे बाबांची तिथी तुमच्याकडे कधीकधी वेगळ्या तारखेला येईल. ठाण्याचं पंचांग बघून मध्यरात्री पान वाढत बसू नका. ऑफिसमुळे ती तिथी हुकलीच, तर सर्वपित्री अमावास्या आहे. ज्यांची तिथी हुकली, ज्यांना ती माहीतच नाही, अशांना आपल्या वाडवडिलांनी तो दिवस देऊन ठेवलाय. कावळ्याची काळजी सोडा. इमारतीत बाहेर अन्न ठेवू देत नसतील, तर कुणा भुकेल्याला जेवू घाला.

आता भाऊ. तुमच्याकडे रात्रीचे साडेनऊ म्हणजे त्याच्याकडे सकाळचे सात, चहाची वेळ. नोव्हेंबरात तुमची घड्याळं मागे गेली की रात्री साडेआठला लावा. एवढंच म्हणा, ‘तू केलंस, ते मी केलं नाही.’ पुढे ‘पण’ नको. ‘पण’ आला की व्हिसा आला, तारखा आल्या, आणि तुम्ही पुन्हा वकिलातीच्या रांगेत उभे. तो गप्प राहील. कदाचित ‘बरं, ठेवतो’ म्हणेल. ठेवू दे. एखाद्या वेळी तिरकस बोलेलही. तो असाच बोलणार हे धरून फोन लावा, म्हणजे गोड शब्दासाठी जीव टांगणीला लागत नाही.

आणि पितृपक्ष जवळ आला की त्याला स्वयंपाकाचं विचारा. बाबांना शेवटी शेवटी अळूत मुळा चालायचा का? खीर तांदळाची आवडायची की गव्हल्यांची? ते शेवटचे दिवस तुम्ही पाहिलेले नाहीत. ते त्याच्याजवळ आहेत, आणि बहुधा कुणी त्याला त्यांच्याबद्दल विचारलेलं नाही.

माझ्या भावाने मला आई गेल्यावर असाच फोन केला होता, आमटीत ती गूळ आधी घालायची की नंतर म्हणून. अर्धा तास बोलत होतो. डब्याचा विषय मी काढला नाही. त्यानेच काढला.