भुसावळला गाड्यांचे फोटो काढायला जायचंय, रेल्वेप्रेमींनी स्टेशनवर कसं वागावं?

तुम्ही पहिल्यांदाच जाताय आणि आधी विचारताय, हे मला फार आवडलं. मी पाचोऱ्याचा, लहानपणापासून हा नाद आहे.

प्लॅटफॉर्म तिकीट काढा, ते दोन तास चालतं. पिवळ्या पट्टीच्या मागे उभे राहा. आरपीएफच्या (रेल्वे सुरक्षा दलाच्या) जवानाने हटकलं तर वाद घालू नका. हे बहुतेकांना माहीत असतं. जे माहीत नसतं, ते सांगतो.

न थांबणारी गाडी जाते तेव्हा स्टेशनचा माणूस हिरवा झेंडा धरून उभा असतो, रात्री हिरवा दिवा. लोको पायलट, म्हणजे इंजिन चालवणारा, आणि तो एकमेकांना 'ऑलराइट', म्हणजे सगळं ठीक असल्याची खूण, देतात. नंतर तो अख्खी गाडी नजरेखालून घालतो: कुठे काही लोंबतंय का, चाकाजवळ धूर निघतोय का. काही दिसलं तर लाल दाखवून गाडी थांबवायची जबाबदारी त्याची. गेल्या पावसाळ्यात एका लहान स्टेशनवर चार पोरं नेमकी त्याच्यापुढे ट्रायपॉड लावून उभी राहिली. "भाऊ, सरका जरा," तो म्हणाला. "एकच मिनिट काका!" शेवटी ऐन वेळी तोच पार कडेला सरकला. गाडी धडधडत गेली. मी तिथेच कॅमेरा घेऊन उभा होतो आणि बोललो नाही, याची खंत अजून आहे. म्हणून सांगतो, झेंडेवाल्याच्या मागे उभे राहा आणि दुसरं कोणी आड येत असेल तर त्याला बाजूला घ्या.

रात्री इंजिनाच्या काचेवर फ्लॅश मारू नका, चालवणाऱ्याचे डोळे दिपतात. हॉर्नसाठी हातवारे करू नका, तो इशारा देण्यासाठी असतो.

रुळावर तर उतरूच नका. रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली तो गुन्हा आहेच, पण ताशी 110 किलोमीटरची गाडी सेकंदाला 30 मीटर येते, म्हणजे एका डब्याच्या लांबीपेक्षा जास्त. 22 जानेवारी 2025 ला आमच्याच तालुक्यात, परधाड्याजवळ, आगीच्या अफवेने पुष्पक एक्सप्रेसमधून उतरलेली माणसं शेजारच्या रुळावर कर्नाटक एक्सप्रेसखाली सापडली. ती जिवाच्या भीतीने उतरली होती. आपण एका फोटोसाठी उतरायचं? उभ्या वॅगनवरही चढू नका. वरच्या तारेत 25,000 व्होल्ट असतात, हात न लागताही झटका बसतो.

आमची पाचोरा-जामनेर छोटी लाइन चालू होती तेव्हा बाहेरून आलेले काही हौशी व्हिडिओसाठी दार अडवून लटकायचे आणि बाजाराला निघालेल्या बायका टोपल्या घेऊन खाली ताटकळायच्या. ती गाडी त्यांचीच होती.

भुसावळला लोको पायलट बदलतात. उतरणारा माणूस कित्येक तास सिग्नलवर नजर लावून आलेला असतो. त्याला आधी पाणी पिऊ द्या, मग विचारा, "दादा, एक फोटो काढू का?" नको म्हणाला तर कॅमेरा खाली घ्या.