उत्तर : कॅनडातल्या प्रेअरी भागातल्या लहान शहरात वृद्ध माणूस गेल्यावर एवढा सविस्तर मृत्युलेख का लिहितात, आणि त्यात काय लिहावे?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. कॅनडाच्या सस्कॅचेवान या सपाट, गवताळ (प्रेअरी) प्रांतातल्या लहान शहरात एखादी वयोवृद्ध व्यक्ती वारली की तिच्या आयुष्याची इतकी सविस्तर हकीकत का छापतात, हा पहिला. आणि शेजारच्या आजींच्या मुलाने ‘तुमचे तिच्याकडे जाणे-येणे होते, तुम्हीच चार ओळी लिहून द्या’ असे सांगितले आहे, तर त्यांत काय घालावे, हा दुसरा. मी याच प्रांतातल्या मूस जॉ या शहरात वृद्धांच्या एका केअर होममध्ये बरीच वर्षे काम करते आहे आणि या बाबतीत माझे मत ठाम आहे. चार ओळींत भागवू नका. ज्या बाईने नव्वद वर्षे काढली, तिच्यासाठी एक पान खर्च करायला कोणाची हरकत असू नये.

पहिल्या भागाचे उत्तर इथल्या वस्तीच्या इतिहासात आहे. 1872 च्या जमीन कायद्याने दहा डॉलर फी भरून 160 एकर जमीन मिळू लागली, 1882 मध्ये रेल्वे मूस जॉपर्यंत पोहोचली, आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत युक्रेन, नॉर्वे, स्कॉटलंड, ओंटारिओ अशा ठिकठिकाणांहून आलेली कुटुंबे या सपाट माळावर विखरून राहिली. रेल्वेच्या फाट्यांवर दर काही मैलांवर धान्य साठवून गाडीत भरण्याचे उंच लाकडी कोठार, म्हणजे एलेव्हेटर, उभे राहिले, त्यांच्या पायथ्याशी गावे वसली आणि शेतांच्या मधोमध एका खोलीच्या शाळा निघाल्या. नंतर रस्ते सुधारले, फाटे बंद झाले, एलेव्हेटर पाडले गेले आणि कितीतरी गावे नावापुरतीही उरली नाहीत. त्या गावांतली शेवटची माणसे आज आमच्या या तेहतीस-चौतीस हजार वस्तीच्या शहरात, केअर होमच्या खोल्यांमध्ये राहतात. म्हणून इथल्या मृत्युलेखात शाळेचे नाव येते, शेत शहराच्या कोणत्या दिशेला होते ते येते, बापाने कोणत्या साली पहिली नांगरट केली ते येते. ते तिथे छापले गेले नाही तर दुसरीकडे कुठेच छापले जाणार नाही. 1980 मध्ये प्रांताला 75 वर्षे पूर्ण झाली, तेव्हा गावोगावच्या लोकांनी घराघरांतून हकिकती गोळा करून जाडजूड पुस्तके काढली होती. मृत्युलेख लिहिणारे तेच काम पुढे चालवत आहेत, असे मी मानते. मूस जॉचे दैनिक 128 वर्षे चालून डिसेंबर 2017 मध्ये बंद पडले, तरी हे लेखन थांबले नाही. ते साप्ताहिकात आणि अंत्यविधी करणाऱ्यांच्या संकेतस्थळांवर गेले.

आता दुसरा भाग. आमच्याकडे एक बाई होत्या. त्यांचे नाव मी देत नाही. 1926 चा जन्म, माहेर शहराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यात, नवरा रेल्वेत. त्यांची एक सवय होती. जेवणाच्या टेबलावर बसल्या की समोरचा कप त्या उपडा घालत, ताटली पालथी ठेवत, आणि वाढणारी अगदी जवळ येऊन उभी राहिली की मगच दोन्ही सुलटी करत. तसे करताना उजव्या हाताचा अंगठा कपाच्या कडेवरून एकदा फिरवत आणि तो अंगठा उजेडाकडे धरून पाहत. आमच्या नोंदवहीत ही सवय स्मृतिभ्रंशाच्या लक्षणांमध्ये लिहिलेली होती. मला ते पटत नव्हते, कारण बाकी त्यांचे सगळे भान जागेवर होते. एका दुपारी मी त्यांना सरळ विचारले, तेव्हा त्यांनी मला माझ्या आयुष्यातला इतिहासाचा सगळ्यात चांगला तास दिला.

1930 ते 1937 या काळात तिथे पाऊस जवळजवळ झालाच नाही. नांगरून मोकळी केलेली माती वाऱ्यावर उठत असे, भर दुपारी दिवा लावावा लागत असे, आणि त्यांची आई खिडक्यांच्या फटींत ओल्या चिंध्या कोंबून ठेवत असे. तरीही धूळ आत येई. म्हणून टेबल मांडताना कप-ताटल्या पालथ्याच मांडायच्या आणि अन्न वाढण्याच्या क्षणी सुलट्या करायच्या, हा घरोघरीचा रिवाज होता. वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षापासून अकरा वर्षांची होईपर्यंत त्या मुलीने रोज हेच केले होते. त्याच काळात पूर्वेकडच्या प्रांतांतून मदत म्हणून रेल्वेच्या डब्यांतून खारवलेला कॉड मासा येत असे. समुद्र कधी न पाहिलेल्या या लोकांना तो किती वेळ भिजवायचा हेच ठाऊक नव्हते. त्यांच्या आईने तो पहिल्यांदा तसाच तळला आणि कोणालाही घास गिळवेना. वडील मात्र पान संपवून उठले, कारण दुसऱ्याने दिलेले अन्न टाकायचे नाही असा त्यांचा नियम होता.

पुढचेही त्यांनी तुकड्या-तुकड्याने सांगितले. महायुद्धात शिक्षक मिळेनासे झाले तेव्हा अठराव्या वर्षी त्या एका खोलीच्या शाळेत शिकवायला लागल्या. हिवाळ्यात मुले येण्याआधी जाऊन शेगडी पेटवणे हाही शिक्षकाच्याच कामाचा भाग होता. लग्नानंतर त्या शहरात आल्या. 8 एप्रिल 1954 रोजी ट्रान्स-कॅनडा एअरलाइन्सचे प्रवासी विमान आणि हवाई दलाचे प्रशिक्षणाचे हार्वर्ड विमान शहरावर आकाशात एकमेकांवर आदळले आणि 37 माणसे गेली, त्यांतली एक जमिनीवरची, आपल्या कामात असलेली बाई होती. आमच्या या बाई तेव्हा परसात कपडे वाळत घालत होत्या. तो आवाज त्यांना पुढे आयुष्यभर कपड्यांची दोरी पाहिली की ऐकू येत असे. 1 जुलै 1962 ला प्रांताने सर्वांसाठी सरकारी वैद्यकीय विमा सुरू केला आणि डॉक्टरांनी 23 दिवस संप केला, तेव्हा त्या विम्याच्या बाजूने उभ्या राहिल्या. त्यांचे दीर डॉक्टरांच्या बाजूचे होते, आणि पुढे कित्येक नाताळ दोन्ही घरे एका टेबलावर जेवली नाहीत. त्यांच्या लहान भावाच्या आजारपणात वडिलांनी डॉक्टरची फी कोंबड्या आणि बटाटे देऊन फेडली होती, आणि ती पुरती फिटण्याआधीच भाऊ गेला होता; या विषयावर त्या तडजोड करणार नव्हत्या.

त्या वारल्या तेव्हा त्यांचे चिरंजीव कॅलगरीहून आले. त्यांनी मृत्युलेखाचा मसुदा तयार केला होता : जन्म, विवाह, मुले, नातवंडे, बागकामाची आणि बिंगोची आवड, आणि ‘शांतपणे देह ठेवला’. मी त्यांना कपाची गोष्ट सांगितली. त्यांना ती ठाऊकच नव्हती. लहानपणापासून आईला कप उपडा घालताना त्यांनी पाहिले होते, पण कारण कधी विचारले नव्हते. ते म्हणाले, ‘आईने तसे विशेष असे काही केले नाही हो.’ मी त्यांना बसवून घेतले आणि मला ठाऊक होते तेवढे सगळे सांगितले. त्यांनी कप घातला, शाळा घातली, दोरीवरचे कपडे घातले. दिरांशी झालेला विम्याचा वाद मात्र ‘राजकारण नको’ म्हणून गाळला. तो गाळायला नको होता. ज्या गोष्टीसाठी माणूस आपल्या घरातल्यांशी भांडतो, ती त्याच्या आवडत्या फुलांपेक्षा महत्त्वाची असते.

‘विशेष असे काही केले नाही’ हे वाक्य मी आधीही ऐकले होते. आमचे गाव सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात. 1972 च्या दुष्काळात माझी आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. मी लहान होते, दादा दहा वर्षांचा होता, आणि सुकडी (दुष्काळात वाटत तो पौष्टिक खाऊ) आणायला डबा घेऊन रांगेत तोच उभा राहत असे. अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या, म्हणजे एका जातीच्या ज्वारीच्या, भाकरी आईने थापल्या आणि त्या कोणाच्या घशाखाली उतरत नसत; कॉड माशाची हकीकत ऐकताना मला त्याच भाकरी आठवल्या होत्या. आई गेली तेव्हा दादाने वर्तमानपत्रात निधनवार्ता दिली : फोटो, वय, ‘त्यांच्या पश्चात दोन मुले, एक मुलगी, सुना, नातवंडे असा परिवार आहे’, आणि रक्षाविसर्जनाची वेळ. मी फोनवरून दोन वाक्ये वाढवायला सांगितली. दादा म्हणाला, ‘आईने खडी फोडली हे पेपरात कशाला? लोक काय म्हणतील? तिने संसार केला, आणखी काय लिहायचे?’

मला हे तेव्हा पटले नाही आणि आजही पटत नाही. त्या निधनवार्तेत आईची ओळख म्हणून फक्त आम्ही आहोत. ती स्वतः कुठेही नाही. जिच्या हातांना वर्षभर घट्टे होते आणि त्या घट्ट्यांवर आम्ही तिघे जगलो, तिचे ते काम लपवण्यासारखे आहे असे मुलाने ठरवावे, यासारखा अन्याय नाही. मूस जॉमध्ये मी शेकडो मृत्युलेख वाचले आहेत. लोकांच्या घरी धुणी-भांडी केली, मदतीचे धान्य खाल्ले, सावकारी कर्जात शेत गेले, हे तिथली मुले आईबापांच्या नावापुढे अभिमानाने लिहितात. दादाला मी हे सांगितले तेव्हा ‘तुमच्याकडची रीत वेगळी’ असे उत्तर मिळाले. रीत कोणीतरी पाडावी लागते.

तेव्हा तुम्ही लिहायला बसाल तेव्हा नातेवाइकांची यादी शेवटी ठेवा. आजींच्या शाळेचे नाव शोधा. त्यांनी कोणते काम केले एवढ्यावर न थांबता ते कसे केले हे लिहा : गाईची धार काढून मग शाळेत जात की आल्यावर काढत, मलई विकून आलेले पैसे कोणाच्या हातात राहत, घरात वीज कधी आली. 1949 चा ग्रामीण विद्युतीकरणाचा कायदा झाल्यावरसुद्धा शेतांवरचे दिवे लागायला पुढची काही वर्षे गेली, आणि इथल्या प्रत्येक म्हातारीला तो दिवस आठवतो. सकाळी कॉफीला जमणाऱ्या म्हाताऱ्यांच्या टेबलाशी जाऊन बसा. मुलाला ठाऊक नसलेल्या गोष्टी तिथे अर्ध्या तासात कळतात. अंत्यविधीच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात सँडविच आणि केक मांडलेले असतात, तिथेही लोक बोलतात, परंतु तोवर लेख छापून गेलेला असतो, म्हणून आधी जा.

काही गोष्टी सांभाळाव्या लागतात, त्याही सांगते. मजकूर घरच्यांना दाखवल्याशिवाय देऊ नका. आजाराचे तपशील, मृत्युपत्र, मुलांमधले तंटे यांना हात लावू नका. पूर्ण जन्मतारीख, घराचा पत्ता आणि आईचे माहेरचे आडनाव एकत्र छापू नका, कारण मृतांच्या नावावर फसवणूक करणारे असेच तपशील शोधत असतात. म्हातारपणी सांगितलेल्या साली आणि गावांची नावे गावच्या पुस्तकात ताडून पाहा. आणि कुटुंबाने एखादी गोष्ट नको म्हटली तर शेवटचा शब्द त्यांचा, हे मला आवडत नसले तरी मान्य आहे.

ज्यांना लिहिणारे कोणी नसते त्यांचाही विचार करा. याच शहरात क्वाँग विंग नावाचे गृहस्थ उपाहारगृह चालवत. चिनी मालकाने गोऱ्या स्त्रियांना कामावर ठेवू नये असा कायदा प्रांताने 1912 मध्ये केला, त्याखाली त्यांना शिक्षा झाली आणि 1914 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. आज त्यांचे नाव कायद्याच्या पुस्तकांत एका खटल्याचे नाव म्हणून येते; ते काय रांधत, संध्याकाळी कोणाशी बोलत, हे कोणी लिहून ठेवले असेल तर ते माझ्या वाचनात आलेले नाही. मतिमंद म्हणून ठरवलेल्या माणसांसाठी 1955 मध्ये इथे सुरू झालेली मोठी सरकारी संस्था 2019 मध्ये बंद झाली. तिथे आयुष्य काढलेल्या कितीतरी जणांचे वर्णन करायला नात्याचे कोणी उरलेले नव्हते. अशा वेळी शेजाऱ्याने किंवा सांभाळणाऱ्याने लिहावे. तुमच्याकडे ती जबाबदारी आपसूक चालून आली आहे, ती घ्या.

आईविषयीचा दीड पानांचा मजकूर मी या वर्षी लिहून काढला आणि भाच्या-पुतण्यांना पाठवला. दादाने तो वाचला आहे, असे वहिनींकडून कळले. खडीचे वाक्य तेवढे काढावे, असा त्याचा निरोप आहे. ते वाक्य पहिल्या परिच्छेदात आहे आणि तिथेच राहील. सुकडीच्या रांगेत डबा घेऊन उभा राहणारा मुलगा कोण होता, हेही मी त्यापुढे लिहिले आहे.