पानातल्या नेमक्या जागी नेणारी लिंक

वेबपानातल्या ज्या शीर्षकापाशी वाचकाला पोहोचवायचं आहे, त्याच्या एचटीएमएल टॅगला (पानाच्या कोडमधल्या कोनी कंसातल्या खुणेला) आधी आयडी, म्हणजे त्याचं स्वतःचं वेगळं नाव, द्या. मग लिंकच्या एचरेफमध्ये (लिंक कुठे नेईल तो पत्ता लिहायच्या जागी) हॅशचं चिन्ह (#) आणि त्याला चिकटून तोच आयडी लिहा. दुसऱ्या पानावरून यायचं असेल तर पानाचा पूर्ण पत्ता, मग हॅश, मग आयडी. जुन्या धड्यांत यासाठी आयडीऐवजी अँकर टॅगला (लिंकसाठीच्या a टॅगला) नेम देतात, ते आता करू नका.

लिंक चालत नसेल तर आधी स्पेलिंग ताडून पाहा. आयडीत कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी धरली जातात. मधे स्पेस चालत नाही, हायफन वापरा. एकच आयडी दोनदा आला, तर ब्राउझर पहिल्याच जागी थांबतो. आयडी सापडलाच नाही, तर चूक दाखवत नाही. म्हणून प्रत्येक लिंक स्वतः दाबून बघाच.

पान सरकवलं तरी वर चिकटून राहणारा हेडर (वरची पट्टी) असेल तर शीर्षक त्याच्याखाली झाकलं जातं. हेडर ६० पिक्सेलचा असेल, तर शीर्षकाला सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) स्क्रोल-मार्जिन-टॉप, म्हणजे वर सोडायची जागा, ७० पिक्सेलच्या आसपास द्या. रिकामे पॅराग्राफ घालून जागा करू नका. चित्रांना रुंदी-उंची द्यायला विसरू नका, नाहीतर ती उशिरा लोड होताना मजकूर खाली सरकतो आणि वाचक भलतीकडेच पोहोचतो.

एकदा दिलेला आयडी मात्र बदलू नका. लोकांनी जतन केलेल्या लिंका त्यावरच चालतात.