वाद्यांची निगा : मोडलेला हेडस्टॉक

प्रश्न : माझा मुलगा महाविद्यालयात गिब्सन कंपनीच्या लेस पॉल घडणीची इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. गेल्या आठवड्यात ती स्टँडवरून घसरून उताणी पडली आणि नटच्या (मानेच्या टोकाशी तारा ज्यावर टेकतात ती पट्टी) लगेच मागे हेडस्टॉक (खुंट्यांचा भाग) मोडला. तो पूर्ण सुटलेला नाही. समोरच्या काळ्या पातळ थराला धरून लोंबतो आहे. पंचवटीतील आमच्या ओळखीच्या सुतारांनी दोन स्क्रू मारून फेव्हिकॉलने जोडून देण्याची तयारी दाखवली आहे. तसे करावे का? जोडल्यावर आवाज बदलेल का?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : गिटार वाचेल, आणि जोड नीट बसला तर तुमचा मुलगा ती पुढे अनेक वर्षे वाजवू शकेल, मात्र स्क्रू मारू देऊ नका. तुमचे सुतार चांगले कारागीर असतील, पण खुर्चीच्या पायावर येणारा भार आणि गिटारच्या मानेवर येणारा ताण यांत मोठा फरक आहे. खुर्चीवरून माणूस उठतो, तारा मात्र रात्रंदिवस ओढत राहतात. नेहमीच्या दहा-सेहेचाळीस मापाच्या (सर्वांत बारीक तार इंचाच्या दहा सहस्रांश, सर्वांत जाड सेहेचाळीस सहस्रांश) सहा तारा सुरात लावल्या, की त्यांची एकत्रित ओढ सुमारे ४५ किलो भरते.

या घडणीच्या गिटारी नेमक्या याच जागी का मोडतात, हे समजून घेतले तर पुढचे सारे सोपे होते. लेस पॉलच्या मूळ घडणीत मान आणि हेडस्टॉक महोगनीच्या एकाच तुकड्यातून कापतात आणि हेडस्टॉक १७ अंशांनी मागे झुकलेला असतो. लाकडाच्या रेषा मानेच्या लांबीने सरळ जातात. त्यामुळे हेडस्टॉक मागे वळतो तिथे त्या तिरक्या कापल्या जाऊन आखूड उरतात, आणि आखूड रेषांचे लाकूड सहज फाटते. त्यातच मानेच्या आत असलेल्या, तिचा बाक जुळवणाऱ्या ट्रस रॉड या सळईच्या नटसाठी (हा फिरवायचा नट, तारांखालची पट्टी नव्हे) तिथेच खोबण कोरलेली असते. अशा जागी स्क्रू शिरला, तर उरलेसुरले धागे फुटतात, त्याचे टोक ट्रस रॉडला भिडू शकते, आणि पुढे एखाद्या जाणकाराला जोड उकलून पुन्हा करायचा झाला तर तोच स्क्रू आड येतो. जोडाची ताकद डिंकाने एकजीव झालेल्या लाकडाच्या पृष्ठभागात असते, आणि स्क्रू त्यात काहीही भर घालत नाही.

सर्वप्रथम सगळ्या तारा सैल करून काढून टाका. त्यानंतर मोडलेला भाग पुन:पुन्हा हलवून, उघडून पाहण्याचा मोह आवरा, कारण प्रत्येक हालचालीत उभे राहिलेले बारीक धागे चुरगळतात आणि मग दोन्ही बाजू एकमेकींत बसत नाहीत. निघालेली ढलपी कितीही छोटी असली, तरी कागदाच्या पुडीत जपून ठेवा. तुटलेल्या पृष्ठभागाला बोट लावू नका, आणि तिथे पॉलिश पेपर तर मुळीच फिरवू नका. नुकतेच मोडलेले, स्वच्छ लाकूड स्वतःच्या साच्यात परत बसते. ते घासले, की तो साचा हरवतो.

आता डिंकाचे पाहू. साधा फेव्हिकॉल लाकूड घट्ट धरतो, पण त्याच्या जातीचे पांढरे डिंक सततच्या ताणाखाली, विशेषतः उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीसारख्या जागी, हळूहळू सरकतात. फेव्हिक्विकसारखा झटपट डिंक तुकडे जुळवून होण्याआधीच धरतो आणि धक्क्याने तडकतो. जुने कारीगर वापरत तो गरम सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांचा डिंक) उत्तम आहे, परंतु तो फार लवकर थिजत असल्याने सराव नसलेल्या हातात नको. तुमच्यासारख्या ताज्या, लांब तिरक्या फुटीसाठी टाइटबाँड ओरिजिनलसारखा पिवळा डिंक मला योग्य वाटतो. लाकूड हरवलेले असेल, पोकळी राहत असेल, तर सावकाश घट्ट होणारे आराल्डाइट चालते. पण ते एकदा आत गेले की सहजी निघत नाही, म्हणून पहिली निवड ती नसावी.

डिंक न लावता क्लॅम्प लावून एक संपूर्ण तालीम करा. ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि तिथेच फसतात. खुंट्या आणि ट्रस रॉडवरचे झाकण काढून ठेवा. मानेच्या मागच्या गोलाईला बसेल असा लाकडी ठोकळा करून त्याला बूच किंवा चामडे लावा. ठोकळा चिकटू नये म्हणून मध्ये प्लॅस्टिकचा कागद घ्या. तिरक्या फुटीवर डिंक लागला, की तुकडे एकमेकांवरून घसरू पाहतात, त्यामुळे दाब फुटीच्या रेषेला काटकोनात यायला हवा. तालमीत भेग केसाइतकीही दिसेनाशी झाली, तरच पुढे जा. मग फट अलगद उघडून पातळ पात्याने डिंक अगदी तळापर्यंत पोचवा. ट्रस रॉडच्या खोबणीत मात्र त्याचा थेंबही जाऊ देऊ नका, नाहीतर तो नट कायमचा जखडेल. बाहेर आलेला डिंक ओल्या फडक्याने लगेच पुसा.

नाशिककरांनी ध्यानात ठेवावी अशी गोष्ट म्हणजे हा पिवळा डिंक १० अंशांखाली नीट धरत नाही. जानेवारीत आपल्याकडे पहाटेचा पारा त्याखाली उतरतो, निफाडकडे तर आणखी. द्राक्षबागायतदारांची झोप उडवणारी ही थंडी जोडालाही मानवत नाही. दुपारी काम करा, डिंकाची बाटली आणि गिटार आधी काही तास उबदार खोलीत ठेवा आणि रात्रीही तिथेच राहू द्या. तारांचा ताण देण्यापूर्वी किमान २४ तास थांबावे लागते. मी थंडीत आणि पावसाळ्यात तीन दिवस थांबायला सांगेन. तारा चढवतानाही पहिल्या दिवशी अर्ध्या ताणावर ठेवून जोडाकडे लक्ष द्या.

आवाजाची काळजी करू नका. इलेक्ट्रिक गिटारचा नाद तारांखालचे चुंबकी पिकअप तारांच्या कंपनातून उचलतात आणि घट्ट बसलेल्या जोडाने त्यात कानाला जाणवेल असा फरक पडत नाही. विक्रीची किंमत मात्र उतरते, आणि विकताना ही दुरुस्ती सांगणे हे तुमचे कर्तव्य आहे. हेडस्टॉक पूर्ण सुटला किंवा फूट आडवी, आखूड असल्याचे दिसले, तर घरी प्रयत्न करू नका. तिथे अनेकदा मागून नवे लाकूड बसवावे लागते आणि त्यासाठी गिटार दुरुस्त करणारा अनुभवी कारागीरच हवा, मग तो पुण्या-मुंबईत गाठावा लागला तरी.

प्रश्न : माझ्या गिटारच्या नटमागे बारीक रेघ दिसते. ती पॉलिशची की लाकडाची, हे कसे ओळखावे?
— एक विद्यार्थिनी, नाशिक रोड

उत्तर : तारा काढा, मान एका हातात धरा आणि दुसऱ्या हाताने हेडस्टॉक अगदी हलकेच पुढे दाबा. रेघ किंचितही उघडली, किंवा नखाला तिथे पायरी लागली, तर तडा लाकडात आहे असे समजून तारा पुन्हा चढवू नका. तडा वरवरचा असतानाच आत डिंक मुरवून क्लॅम्प लावणे सर्वांत सोपे असते. रेघ हलतही नसेल आणि बोटाला पूर्ण गुळगुळीत लागत असेल, तर ती बहुधा पॉलिशचीच. तरीही एक महिना तिच्या टोकाला पेन्सिलची खूण करून ठेवा, म्हणजे ती पुढे सरकली तर लगेच कळेल.