वाचकांचे प्रश्न: परदेशी पाककृतींची पुस्तकं आणि मुंबईतलं स्वयंपाकघर

फोर्टच्या पदपथावर दोन जुनी पुस्तकं मिळाली, एक अमेरिकन आणि एक ऑस्ट्रेलियन. दोन्हींसाठी मापाच्या कप-चमच्यांचा एकच सेट वापरते. अमेरिकन केक दडस होतो आणि ऑस्ट्रेलियन लेमन टार्टचं सारण पातळच राहतं. असं का होतं? – एक वाचक, दादर

टार्टचं कारण चमच्यात आहे. ऑस्ट्रेलियात टेबलस्पून 20 मिलीचा असतो, तुमच्या सेटमधला बहुधा 15 मिलीचा. चार टेबलस्पून कॉर्नफ्लोअर म्हणजे तिथे 80 मिली, तुमच्याकडे 60. चौथा हिस्सा कमी पडल्यावर सारण आळणार कसं? टीस्पून मात्र दोन्हीकडे 5 मिलीचाच, त्यामुळे बेकिंग पावडरचं माप बदलू नका.

केकची चूक कप भरण्याच्या पद्धतीत असावी. अमेरिकन कप सुमारे 237 मिलीचा असतो. मैदा चमच्याने हलकेच भरून वर सुरी फिरवली, तर त्यात 120 ते 125 ग्रॅम बसतो. तोच कप डब्यात खुपसून भरला तर 145–150 ग्रॅम. तीन कपांत 75 ग्रॅम मैदा जास्त गेला की केक दडस आणि कोरडा होणारच. त्यात 250 मिलीचा कप वापरलात तर मैदा आणखी वाढतो.

एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल वजनकाटा घ्या आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने त्या पुस्तकाचा कप आणि चमचा किती मिलीचा ते लिहून ठेवा. जपानी पुस्तकात कप 200 मिलीचा, पण तांदळाचा 180 मिलीचा. ब्रिटिश पिंट 568 मिली, अमेरिकन 473. अमेरिकन पुस्तकात ‘एक स्टिक बटर’ म्हणजे 113 ग्रॅम.

ब्रिटिश पुस्तकात ‘गॅस मार्क 4’ लिहिलंय. आमच्या शेगडीवर तसे आकडे नाहीत. – एक वाचक, मुलुंड

ते शेगडीचं नाही, गॅसवर चालणाऱ्या ओव्हनचं माप आहे. मार्क 4 म्हणजे 180 अंश सेल्सिअस, मार्क 6 म्हणजे 200. ओटीजीत (ओव्हन-टोस्टर-ग्रिलमध्ये) पंखा चालू असेल तर 20 अंश कमी ठेवा.

‘बटर खोलीच्या तापमानाला आणा’, ‘पीठ दीड तास फुगू द्या’ असं पुस्तकात असतं. मे महिन्यात दोन्ही फसतं. – एक वाचक, डोंबिवली

ती खोली लंडनची किंवा शिकागोची, 20–22 अंशांची. तुमच्या ओट्यावर मेमध्ये 32–33 असतात आणि तेवढ्यात बटर जवळजवळ वितळतं. साखरेबरोबर फेटताना हवा धरून ठेवायला बटर घट्टसर लागतं. त्याचं तेल झालं की हवा टिकत नाही आणि केक बसतो. फ्रीजमधल्या बटरचे लहान तुकडे करून फक्त दहा मिनिटं बाहेर ठेवा. अंगठ्याने दाबल्यावर खळगा पडावा, पण पृष्ठभाग चकाकता कामा नये. मिश्रण तेलकट झालंच तर भांडं दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा आणि पुन्हा फेटा.

ब्रेडच्या पिठाला तासांचा हिशोब लावूच नका. फ्रीजचं पाणी घाला, यीस्ट निम्मं करा, मीठ मात्र कमी करू नका. ते यीस्टला आवरतं. पीठ सरळ बाजूंच्या बरणीत ठेवून पातळीवर रबर बँड लावा. दुप्पट झालं की पुढची पायरी, मग चाळीस मिनिटं का लागली असेनात. आंबूस, दारूसारखा वास आला तर ते जास्त फुगलंय, ओव्हनमध्ये खचेल. शिवाय मैदा परदेशी ब्रेड फ्लोअरइतकं पाणी पीत नाही. 500 ग्रॅमला 50 मिली पाणी बाजूला ठेवा आणि लागलं तरच घाला.

पन्ना कोटात (दूध-क्रीम आळवून केलेल्या इटालियन गोड पदार्थात) जिलेटिनऐवजी चायना ग्रास चालेल का? घरी सगळे शाकाहारी आहेत. – एक वाचक, विलेपार्ले

चालेल, पण समान वजनाने नाही. 500 मिली दूध-क्रीमला जिथे 7 ग्रॅम जिलेटिन सांगितलंय, तिथे चायना ग्रासची पूड 3 ग्रॅमच्या आसपास पुरते. पट्ट्या असतील तर 5 ग्रॅम, अर्धा तास भिजवून. जिलेटिन नुसत्या गरम दुधात विरघळतं. चायना ग्रास दोन-तीन मिनिटं उकळावंच लागतं, नाहीतर तळाशी कण राहतात. फळांचा रस गार असताना ओतू नका. चायना ग्रास साधारण 35–40 अंशांतच आळायला लागतं, लगेच गुठळ्या होतील. रस आधी कोमट करा आणि आंबट रस गॅस बंद केल्यावरच घाला.

पोत वेगळा लागेल, हे आधीच सांगून ठेवा. जिलेटिन जिभेवर वितळतं, हे सुरीने कापलं जातं. खाणाऱ्याला खरवस आठवेल. मुंबईच्या उकाड्यात मात्र हाच बरा, कारण टेबलावर ढासळत नाही. शिवाय ताज्या अननसाने जिलेटिन आळतच नाही, चायना ग्रासला ती अडचण नाही.

पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी आणि कसर लागते. – एक वाचक, गिरगाव

ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीपासून कपाट दोन-तीन इंच पुढे ओढा आणि पुस्तकं दाटीवाटीने कोंबू नका. पदपथावरून आणलेलं पुस्तक कोरडं असेल तर कसर मरावी म्हणून पॉलिथिनमध्ये घट्ट बांधून उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका, नाहीतर कागदावर दव धरतं. गुळगुळीत फोटोंची पानं भिजली तर वाळण्याआधीच एकेक सुटी करून मध्ये कोरे कागद घाला. वाळून चिकटलेली पानं पुन्हा सुटत नाहीत. ओट्यावर पुस्तक नेण्यापेक्षा पानाचा मोबाइलवर फोटो काढा.

जुनं पुस्तक घेताना प्रकाशनवर्ष का बघायचं? – एक वाचक, ठाणे

ब्रिटनमध्ये 1940 ते 1954 अन्नाचं रेशनिंग होतं. त्या वर्षांतल्या पुस्तकात केकमध्ये साखर-बटर जेमतेम असतं आणि अंड्याच्या जागी बऱ्याचदा अंड्याची पूड. एक सपाट टेबलस्पून पूड आणि दोन टेबलस्पून पाणी म्हणजे एक अंडं. संग्रहाला असं पुस्तक मोलाचं. वाढदिवसाच्या केकसाठी मात्र दुसरं काढा.