घड्याळ मागे जाण्याआधीचे सहा आठवडे

तू मला ताई म्हणालीस, म्हणून अगं-तुगंच करते. तुझं विचारणं थोडक्यात असं: सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही तिघं पुण्याहून इकडे, अमेरिकेत सिअ‍ॅटलजवळ, राहायला येताय. नवऱ्याचं ऑफिस बेलव्ह्यूला, मुलगी सात वर्षांची, तुझा व्हिसा एच-फोर, म्हणजे इथं नोकरीला आलेल्याच्या जोडीदाराचा. इसाक्वातला एक फ्लॅट पसंत पडलाय, पण जो तो सांगतोय की आपली माणसं रेडमंडला, तिकडेच घे. आणि खरी धास्ती आहे ती ऑक्टोबर ते डिसेंबर पावसात घरात कोंडून पडण्याची.

मी इसाक्वात अकरा वर्षं राहते, माहेर रत्नागिरीचं. धास्ती खोटी नाही, हे आधीच सांगते. पण कोंडून पडणं न पडणं हे इसाक्वा की रेडमंड यावर फारसं ठरत नाही. ते ठरतं पहिल्या सहा आठवड्यांवर. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात आणि त्या दिवशीपासून पावणेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. डिसेंबरात तर सव्वाचार-साडेचारलाच. त्याआधी गावात चार ठिकाणी तुझी तोंडओळख झालेली असली तर हिवाळा निभतो. मी आले ती नेमकी नोव्हेंबरच्या मध्यावर. साडेचारला खिडकीत काळोख, आणि आईचा फोन यायचा की अगं, आमच्याकडे आता सकाळचे सहा वाजलेत. फेब्रुवारीपर्यंत मला ओळखणारी या गावात एकच व्यक्ती होती, किराण्याच्या दुकानातली काउंटरवरची बाई.

पावसाचं म्हणशील तर आकड्यांना घाबरू नकोस. सिअ‍ॅटलला वर्षाकाठी साधारण हजार मिलिमीटर पडतो, रत्नागिरीला त्याच्या तिप्पट. इसाक्वा डोंगराच्या कुशीत असल्यामुळे सिअ‍ॅटलपेक्षा जास्तच भिजतं, तरी आपल्यासारखा कोसळणारा पाऊस इथं क्वचित. इथला पाऊस म्हणजे नुसती रिपरिप, थांबतो म्हणून थांबत नाही. छत्री कुणी उघडत नाही. टोपीचं जाकीट घालायचं आणि निघायचं. 'पाऊस थांबला की जाऊ' असं ठरवलंस तर एप्रिलपर्यंत घरात बसशील.

आता ऑक्टोबर. हा या गावाचा सणाचा महिना आहे, आणि सण आहे माशांचा. गावाच्या मधोमध इसाक्वा क्रीक वाहते आणि तिच्या काठावर राज्य सरकारची सॅमन हॅचरी, म्हणजे सॅमन माशांचं पैदास केंद्र, आहे, १९३६ साली मंदीच्या काळातल्या रोजगार योजनेतून बांधलेली. समुद्रात वाढलेले सॅमन शरद ऋतूत अंडी घालायला जन्मस्थळी परततात. वाट बघ केवढी: प्युजेट साउंड या खाडीतून बॅलर्डच्या जलपाशांजवळची (बोटी वर-खाली नेणाऱ्या दरवाजांजवळची) माशांची शिडी चढायची, मग लेक वॉशिंग्टन, तिथून समामिश नदी, लेक समामिश आणि शेवटी आमचा हा ओढा. गोड्या पाण्यात शिरल्यावर ते खाणं सोडतात आणि अंडी घालून झाली की मरतात. आधी चिनूक जातीचे सॅमन येतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरात कोहो जातीचे. पुलावर उभं राहिलं की खाली हातभर लांबीचे मासे बांधावर उड्या मारताना दिसतात. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात जेटीवर टोपल्यांचा लिलाव बघत वाढलेली मी. पहिल्यांदा इथं आले तेव्हा माणसं माशाला टाळ्या वाजवतायत आणि घरी कुणीच नेत नाही, हे बघून चक्रावलेच. (वास मात्र ओळखीचा होता.)

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी सॅमन डेज भरतो, १९७० पासूनची प्रथा. फ्रंट स्ट्रीट गाड्यांना बंद, शनिवारी सकाळी मिरवणूक, मग दोन दिवस हस्तकलेचे आणि खाण्याचे स्टॉल. तिकीट नाही. गाडी गावात आणायचा विचार करू नकोस, पार्किंग मिळत नाही. खरं सांगायचं तर स्टॉलवरच्या वस्तू महाग आणि त्याच त्याच. जायचं ते मिरवणुकीसाठी. शाळांची बँडपथकं, अग्निशमन दलाच्या गाड्या, माशाच्या टोप्या घातलेली पोक्त माणसं. आपल्या लेझीम पथकाचा जोश त्यात नाही, पण मुलीच्या शाळेतलं कुणी ना कुणी चालताना दिसणारच, आणि सोमवारी शाळेच्या दारात बोलायला विषय मिळतो.

गर्दीचा तो शनिवार-रविवार सरला की हॅचरीत पुन्हा जा, एखाद्या मंगळवारी वगैरे. तिथं माहिती सांगणारे बहुतेक लोक स्वयंसेवक असतात, निवृत्त शिक्षक, इंजिनिअर असे. तुझ्यासाठी हे महत्त्वाचं. एच-फोरवर नोकरी करता येत नाही. नवऱ्याच्या ग्रीन कार्डासाठी कंपनीनं केलेला आय-१४० हा अर्ज मंजूर झाला की सहसा वर्क परमिटसाठी अर्ज करता येतो, आणि त्याला वेळ लागतो. पण जे काम इथं सगळेच बिनमोबदला करतात, असं स्वयंसेवेचं काम करायला अडचण नसते. मी दुसऱ्या वर्षी हॅचरीत प्रशिक्षण घेतलं. माझं इंग्रजी शाळेत शिकलेलं, बोलायची सवय नव्हती. पाचवीतल्या पोरांना माशाच्या पोटातली अंडी दाखवता दाखवता जीभ सुटली. गावात आज माझी जी माणसं आहेत त्यातली अर्धी त्या पुलावर भेटलेली.

वाचनालयाचं कार्ड मात्र पहिल्याच आठवड्यात काढ. किंग काउंटीच्या वाचनालयांचं जाळं मोठं आहे, इसाक्वाची शाखा भर गावात, आणि कार्ड फुकट. पुस्तकं बाजूलाच राहू दे. गोष्टींचे तास, इंग्रजी बोलायचा सराव, मुलांना गृहपाठात मदत हे सगळं तिथं चालतं, आणि मुख्य म्हणजे अंधाऱ्या दुपारी मुलीला घेऊन बसायला ती उबदार, उजेडाची जागा आहे.

दुकानांचं विचारलंस. कॉस्टको या घाऊक मालाच्या दुकानांच्या कंपनीचं मुख्यालय आमच्या गावात आहे, तेव्हा गावातल्या बऱ्याच घरांची चूल त्यावर पेटते. त्यांच्या मालावर 'कर्कलंड' हे नाव दिसतं ते पूर्वीच्या मुख्यालयाच्या गावावरून. बासमतीची पोती, बदाम, तूप करायला बिनमिठाचं लोणी तिथूनच आण. कढीपत्ता, तुरीची डाळ, भाजणीचं सामान यासाठी मात्र बेलव्ह्यू-रेडमंडच्या भारतीय वाण्यांकडे जावं लागतं. आठवड्यातून एक फेरी पुरते. इथं एक सवय लावून घे: वस्तूवर लिहिलेल्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो, तो साधारण दहा टक्के वर लागतो. किराण्याच्या खाद्यपदार्थांवर तो नाही, हॉटेलच्या जेवणावर आहे.

फ्रंट स्ट्रीटवरची छोटी दुकानं तुला आवडतील. फिशर मीट्स हे मटणाचं दुकान १९१० पासून चालू आहे. जरा पुढे गिलमन व्हिलेज म्हणून जागा आहे. पाडायला निघालेली जुनी घरं उचलून तिथं आणून ठेवली आणि लाकडी पायवाटांनी जोडून त्यात दुकानं थाटली. पावसात तिथं फिरायला मजा येते. ट्रिपल एक्स नावाच्या उपाहारगृहाच्या नावावर जाऊ नकोस, तिथं बर्गर आणि रूटबिअर मिळते, तिच्यात दारू नसते. चवीला मला ती आयोडेक्ससारखी लागते, पण लेकीला आवडेल. आणि बोहम्स कँडीज, स्विस धाटणीच्या घरातलं चॉकलेटचं दुकान. ते काढणारे जूलियस बोहम ऑस्ट्रियातून परागंदा होऊन आलेले, इसाक्वात त्यांनी बस्तान बसवलं १९५६ साली. आज गाव ज्या दुकानाचं नाव कौतुकानं घेतं ते आपल्यासारख्याच उपऱ्याचं, हे मला तिथं गेलं की आठवतं.

'लोक कसे आहेत' याचं उत्तर एवढ्यावर सोडलं तर ते अर्धवट होईल. याच खोऱ्यात १८८५ च्या सप्टेंबरात हॉप्सच्या (बिअरमध्ये घालतात त्या फुलांच्या) तोडणीला आलेल्या चिनी मजुरांच्या तंबूंवर रात्री गोळीबार झाला, तिघं मेले. तेव्हा गावाला आजचं नाव मिळालेलं नव्हतं. सांगते ते घाबरवायला नाही. मला स्वतःला अकरा वर्षांत दोनदाच कुणी वाकडं बोललं, आणि दोन्ही वेळा शेजारच्या अनोळखी माणसानं माझी बाजू घेतली. लोक हसून बोलतात, पण घरी बोलवायला वेळ लावतात. आपण आधी बोलवायचं.

बोलवायला ऑक्टोबर बरा. ३१ तारखेला हॅलोवीन, मुलं सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागत फिरतात. त्याआधी सगळे कार्नेशन, फॉल सिटी या गावांकडच्या शेतांवर कोरायला भोपळे आणायला जातात. तूही जा, चिखलाची तयारी ठेवून. कोरायचा मोठा भोपळा पाणचट असतो. घारग्यांसाठी 'शुगर पाय' म्हणून छोटा मिळतो तो घे, अगदी आपल्या लाल भोपळ्यासारखा नाही पण गुळाशी जमतो. माझे घारगे शेजारणीकडे गेले आणि बदल्यात सफरचंदांची पिशवी आली, तिथून आमचं येणं-जाणं सुरू झालं. हॅलोवीनच्या संध्याकाळी दारावरचा दिवा चालू ठेव. दिवा बंद म्हणजे 'येऊ नका' असा अर्थ होतो. फ्लॅटच्या इमारतीत मुलं कमी येतात, तेव्हा मुलीला घेऊन घरांच्या गल्लीत जायचं.

दिवाळीचं सांगते, कारण तिथं मन फार हळवं होतं. सिअ‍ॅटलचं महाराष्ट्र मंडळ आहे, मराठी शाळाही भरते. कार्यक्रम दिवाळीच्याच दिवशी होतो असं नाही, जो शनिवार-रविवार आणि जे सभागृह मिळेल त्यावर सगळं. फटाक्यांची मुभा या राज्यात फक्त चार जुलै आणि नववर्षाच्या आसपास, त्यातही बऱ्याच शहरांत पूर्ण बंदी. पणत्या दारात लाव, पण कॉरिडॉरमध्ये धूर होणार नाही एवढं बघ. पहिल्या वर्षी माझ्या धुपाच्या धुरानं अलार्म वाजला आणि सगळी इमारत पायजम्यात खाली उभी राहिली. ओळख झाली म्हणायची!

म्हणूनच रेडमंडचा सल्ला मी सरसकट खोटा म्हणणार नाही. सासू-सासरे येऊन राहणार असतील, पायी चालत देऊळ-वाणी हवा असेल, लाइट रेल हवी असेल तर रेडमंड सोयीचं. इसाक्वापर्यंत रेल्वे आलेली नाही, इथं गाडीवाचून अडतं. पण लोक सांगतात ते 'आपली माणसं' प्रकरण शनिवारी-रविवारी वीस-पंचवीस मिनिटांवर असतं. इतर पाच दिवस तू ज्या गावात राहतेस त्याच गावाची असतेस.

गाडीचं आलंच आहे तर: इथं राहायला आल्यापासून तीस दिवसांत वॉशिंग्टनचं लायसन्स काढावं लागतं, भारतीय लायसन्सवर परीक्षा माफ होत नाहीत, लेखी आणि चालवायची दोन्ही द्याव्या लागतात. तूही काढ, नवऱ्यावर सोडू नकोस. ऑक्टोबरच्या उजेडात शिक, कारण ओल्या काळ्या रस्त्यावर समोरचे दिवे झेलत उजव्या बाजूनं चालवणं हा वेगळाच धडा आहे.

शाळेसाठी लसीकरणाची नोंद इंग्रजीत, तारखांसह, डॉक्टरांच्या सही-शिक्क्यानं आण. आपल्याकडे कांजिण्यांची लस सरकारी यादीत नसते, त्यामुळे पुष्कळदा राहून जाते. इथं तिचे दोन डोस लागतात, तेव्हा आत्ताच पुण्यात तपासून घे. कुठली शाळा हे पत्त्यावरून ठरतं, म्हणून सही करण्याआधी त्या फ्लॅटचा पत्ता इसाक्वा शाळा विभागाच्या नकाशावर बघ.

आणि वादळं. नोव्हेंबर २०२४ मध्ये एका रात्रीत इतकी झाडं पडली की आमच्याकडे चौथ्या दिवशी वीज आली. इथल्या बहुतेक शेगड्या विजेच्या, चहासुद्धा होईना. गल्लीत एकांकडे गॅस होता, त्यांच्या ओट्यावर मी मोठ्या पातेल्यात मुगाची खिचडी टाकली, आणि तीन दिवस सात घरं तिथंच जेवली. बॅटरी, फोनचा पॉवर बँक, कोरडा खाऊ आणि जाड पांघरुणं ऑक्टोबरातच घेऊन ठेव. कोळशाची शेगडी किंवा जनरेटर घरात कधीही पेटवायचा नाही. त्याच्या विषारी वायूनं दर वादळात लोक दवाखान्यात पोचतात.

सामानात चकलीचा सोऱ्या आण, पितळी. पातेली आणू नकोस, वजन फुकट जातं. जाकिटं इथंच घे.

तुम्ही आलात की पहिल्या शनिवारी दहा वाजता हॅचरीच्या पुलावर भेटू. लेकीला गमबूट घाल, आणि भाकरी मी आणते.